गाण्याला कशाला?

"दवाखान्याला मागा बाई, आत्ता देतो. गाण्याला कशाला?"

हा प्रश्न मी हळदीच्या अडतींवर ऐकला आहे, यंत्रमागाच्या शेडमध्ये ऐकला आहे आणि चांगल्या शिकल्यासवरल्या दिवाणखान्यांतही ऐकला आहे. आमची संस्था कृष्णाकाठच्या एका गावातली. एक शाळा, एक सार्वजनिक वाचनालय आणि संध्याकाळी भरणारे गायन-तबल्याचे वर्ग, एवढा तिचा पसारा. शाळेत मी मराठी शिकवत होते. निवृत्त झाल्यावर विश्वस्तांनी कार्यवाहपद दिलं आणि त्याबरोबर पावतीपुस्तक हातात आलं. तेव्हापासून सांगली, मिरज, तासगाव, इचलकरंजी, जयसिंगपूर या पट्ट्यात मी देणग्या मागत हिंडते.

प्रश्न विचारणारी माणसं कंजूष नसतात, हे आधीच सांगायला हवं. त्यांतल्या बहुतेकांनी डायलिसिसच्या यंत्राला, अन्नछत्राला, गावच्या देवळाला सढळ हातानं दिलेलं असतं. त्यांचा हिशेब सरळ असतो. दवाखान्यात दिलेल्या पैशानं एक माणूस उठून घरी चालत जातो, तो डोळ्यांना दिसतो. गाण्याच्या वर्गाला दिलेल्या पैशाचं काय झालं, ते कुणाला दाखवायचं? आणि आजारी माणसासमोर तंबोऱ्याची बाजू मांडायची तरी कोणत्या तोंडानं? मी या प्रश्नावर कधी वाद घालत नाही. आमच्याच भागात घडलेली एक गोष्ट मात्र सांगते.

विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळे दुखावले, शिक्षण थांबलं, आणि मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. मिरज संस्थानचा आश्रय होता, म्हणून राहण्याजेवण्याची भ्रांत नव्हती. त्या काळी गाणं असंच जगत होतं. राजाच्या मर्जीवर गवयाचं घर चाले आणि गवयाच्या मर्जीवर शिष्याचं शिक्षण. १८९६ मध्ये पलुस्कर ती सावली सोडून बाहेर पडले. पाच वर्षांनी, ५ मे १९०१ रोजी, त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे संस्थानिकाच्या खजिन्याऐवजी लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर शाळा चालवायची होती. फी भरून कुणीही यावं आणि गाणं शिकावं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. ज्यांना फी परवडत नव्हती अशी मुलं त्यांच्याकडे राहत, जेवत आणि पुढे शिकवण्याच्या अटीवर शिकत. १९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली, पुढे तिची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. इमारतीसाठी कर्ज काढलं होतं. ते फिटलं नाही, आणि सावकारांनी त्या वास्तूचा लिलाव केला.

इथपर्यंत आलं की समोरचा माणूस सहसा मान हलवतो. बघा, म्हणजे बुडालंच ना, असं त्याच्या चेहऱ्यावर असतं. मग मी नावं घेते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. ही सगळी त्या घरात वाढलेली माणसं. १९३१ च्या ऑगस्टमध्ये पलुस्कर मिरजेत वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज कुठल्याही तालुक्याच्या गावात एखादी मुलगी 'प्रारंभिक'ला बसते, 'प्रवेशिका' होते, 'विशारद'ची तयारी करते, ती याच मंडळाच्या परीक्षा देत असते. इमारत गेली. ज्या मुलांच्या जेवणावर आणि शिकवणीवर पैसा खर्च झाला होता, ती मुलं राहिली आणि त्यांनी शाळा देशभर नेली.

माझं म्हणणं या एका गोष्टीत आलं आहे. देणगी भिंतीला मिळते, पण टिकतं ते शिकवणाऱ्यावर आणि शिकणाऱ्यावर खर्च केलेलं. आणि नेमका तोच पैसा मिळवणं सगळ्यांत अवघड.

आमच्या गायनवर्गाचा खर्च पाहा. गायनाच्या बाई आणि तबल्याचे सर यांचं मानधन हा मोठा भाग. त्यानंतर तबल्याच्या पुड्या. मुलं शिकत असली की पुड्या फाटतात, शाई उडते, पावसाळ्यात वाद्या सैल पडतात. पेटीचे सूर वर्षातून एकदा तरी लावून घ्यावे लागतात. तंबोऱ्याची जवारी काढायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत न्यावं लागतं. वीज, झाडलोट, परीक्षेच्या केंद्राचा खर्च. फीमधून यातला जेमतेम तिसरा हिस्सा निघतो. मग फी वाढवा, असं हिशेबनीस दरवर्षी सुचवतात आणि दरवर्षी मी नाही म्हणते. गणिताच्या वर्गात साठ मुलं बसली तरी फळा एकच पुरतो. गाण्यात बाईंना प्रत्येक मुलीचा 'सा' वेगळा ऐकावा लागतो, कुणाची मान आखडते, कुणाचा श्वास अर्ध्यात सुटतो, ते एकेकीजवळ बसून सुधारावं लागतं. एका तासात सहाच्या वर मुली घेतल्या की ते शिक्षण राहत नाही. या सहाजणींकडून पूर्ण खर्च वसूल करायचा ठरवला तर वर्गात फक्त डॉक्टर-वकिलांच्या मुली उरतील. त्या आल्याच पाहिजेत, पण त्यांच्या शेजारी मागावर काम करणाऱ्याची मुलगी बसली पाहिजे, म्हणून तर संस्था आहे.

अशी एक मुलगी आमच्याकडे होती. वडील यंत्रमागावर पाळीला जायचे, आई लोकांकडे स्वयंपाक करायची. नववीत तिचा आवाज लागला, असा की बाई शिकवायच्या थांबून ऐकत राहिल्या. दहावीला घरच्यांनी वर्ग बंद केला. कारण विचारायला मी घरी गेले. गाण्याला त्यांचा विरोध नव्हता. संध्याकाळी तिच्या शेवटच्या एसटीचा प्रश्न होता आणि पासाचे पैसे धाकट्या भावाच्या वह्यांना लागत होते. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं पासाचे पैसे द्यायचं कबूल केलं, वर्गाची वेळ आम्ही अलीकडे घेतली. रक्कम इतकी लहान होती की ताळेबंदात ती वेगळी दिसतही नाही. ती मुलगी विशारद झाली. मोठी गायिका वगैरे झाली नाही. सांगलीत एका दुकानात हिशेब लिहिते आणि रविवारी आमच्याकडे लहान मुलींचा वर्ग घेते.

देणगीदारांना ही हकिकत सांगितली की काहींचा हिरमोड होतो. त्यांना टीव्हीवर दिसलेली मुलगी हवी असते. मला वाटतं, कलेला दिलेल्या पैशाकडे बघण्याची आपली नजर इथे चुकते. गावात एक गायिका घडायला आधी शंभर कान घडावे लागतात. असे कान पाहायचे तर मिरजेला यावं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. देशभरातले कलावंत येऊन हजेरी लावतात आणि तिकीट नसतं. रात्र चढत जाते तसे ऐकणारे सरसावून बसतात. त्या गर्दीत हमाल असतात, बागाईतदार असतात, कॉलेजची मुलं असतात, वाद्यं बनवणारे कारागीर असतात. एखादी तान चुकीच्या जागी वळली तर त्यांना कळतं. हे कान आपोआप तयार झालेले नाहीत. कुणीतरी त्यांना लहानपणी पेटीपुढे बसवलं होतं आणि त्या पेटीचे पैसे कुणीतरी दिले होते.

नावाबद्दलही लिहायला हवं, कारण देणगीच्या कामात नावावाचून पान हलत नाही. 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' अशा फरश्या आमच्या शाळेच्या भिंतींवर जागोजाग आहेत. नव्या पिढीतले काही विश्वस्त त्यांना हसतात. मला ते आवडत नाही. नाव लावावंसं वाटणं ही प्रेमाची गोष्ट आहे. प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला आईचं नाव दिलं, म्हणून आजही आपण राजाबाई टॉवर म्हणतो. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठ त्यांच्या आईच्या, नाथीबाईंच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. आईची आठवण म्हणून मुलींची शिक्षणं व्हावीत, यापेक्षा चांगलं स्मारक मला सुचत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. नाव दगडावर कोरता येतं, म्हणून पैसा दगडाकडे जातो. खोली बांधायला देणगीदार मिळतो. त्या खोलीत शिकवणाऱ्याच्या पगाराला मिळत नाही, कारण पगारावर फरशी बसवता येत नाही. आमच्या भागात अशा कितीतरी शाळा आहेत जिथे संगीताची खोली आहे, खोलीवर नाव आहे, आत कपाटात वाद्यं आहेत आणि शिकवायला कुणी नाही.

बक्षिसांच्या ठेवींचं दुखणं तर आणखी जुनं. १९९५ च्या सुमाराला एखाद्यानं वडिलांच्या नावे पाच हजार रुपये कायम निधी म्हणून दिले. अट अशी की व्याजातून दरवर्षी संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यावं. बँका तेव्हा मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या, म्हणजे सहाशे रुपये आले. त्यात शब्दकोश, चांगलं पेन आणि वर थोडी रोख रक्कम बसत असे. आता सहा-सात टक्क्यांनी तीनशे-साडेतीनशे येतात आणि एका बऱ्या शब्दकोशालाही ते पुरत नाहीत. असे पंचवीस-तीस निधी आमच्याकडे आहेत. प्रत्येकाची अट वेगळी, प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवायचा, लेखापरीक्षकाला वेगळा दाखवायचा. मूळ रकमेला हात लावायचा नसतो आणि तो लावूही नये. मग मी त्या घरांच्या पुढच्या पिढीकडे जाते. आजोबांच्या नावाचं बक्षीस चालू आहे, त्यात भर घालाल का, असं विचारते. बहुतेक जण घालतात. आजोबांच्या नावाचं बक्षीस आहे हे अनेकांना ठाऊकही नसतं आणि ते कळल्यावर त्यांना जे वाटतं ते पाहण्यासारखं असतं. एक तरुण इंजिनिअर पुण्याहून मुद्दाम बक्षीस समारंभाला आला आणि ज्या मुलीला आजोबांच्या नावाचं बक्षीस मिळालं तिच्या घरी जाऊन चहा घेऊन गेला.

देणगीची खरी परीक्षा मी पुरात पाहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट मानतात. आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि ओसरायला दिवस लागले. पुस्तकं फुगून कपाटांत अशी गच्च बसली होती की कपाटं फोडावी लागली. पेट्यांचे भाते सुटले, आतले सूर गंजले. तबल्यांच्या पुड्या ओल्या भाकरीसारख्या हातात आल्या. दोन तंबोऱ्यांचे भोपळे चिरले.

मदत धावून आली. ती आठवली की आजही भरून येतं. पण ती कोणत्या रूपात आली, हेही लिहून ठेवलं पाहिजे. पोत्यांनी पुस्तकं आली. त्यांत जुनी क्रमिक पुस्तकं होती, मागच्या अभ्यासक्रमाची गाइडं होती, एकाच पोथीच्या कितीतरी प्रती होत्या. पाठवणाऱ्यांचा भाव निर्मळ होता, यात मला कधी शंका आली नाही. ती उतरवून घ्यायला, निवडायला, नोंदवायला मात्र माणूस नव्हता, कारण वाचनालयाच्या मदतनिसाचं स्वतःचं घर पाण्यात गेलं होतं आणि त्याला पगार द्यायला आमच्याकडे शिल्लक नव्हती. तेव्हा मुंबईहून एका बाईंचा फोन आला. ओळख नव्हती. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय पाठवू?" असं विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी म्हटलं, मदतनिसाचा एक वर्षाचा पगार आणि सुताराची मजुरी. त्यांनी दोन्ही दिलं. नवी कपाटं जमिनीपासून कमरेइतकी उंच बसवून घेतली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा आलं तेव्हा पुस्तकं वाचली.

तंबोऱ्यांचं काय झालं, तेही सांगते. सतारमेकर गल्लीतल्या एका वृद्ध कारागिरांकडे ते नेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून वाद्यं बनवण्याचा हा धंदा मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या कारागिरांनी चिरा पाहिल्या, बोटानं टिचकी मारून ऐकलं आणि सामानाचे तेवढे पैसे द्या म्हणाले. मजुरी घेतली नाही. त्या वर्षी पुरानं त्यांचंही नुकसान झालं होतं. त्या मजुरीची पावती मी फाडली. रकमेच्या जागी काय लिहायचं, यावर हिशेबनीसांनी हरकत घेतली, म्हणून वार्षिक अहवालात देणगीदारांच्या यादीत त्यांच्या कामाचा उल्लेख केला.

अलीकडे कंपन्यांचा पैसा आला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. त्या यादीत शिक्षण आहे, कला आणि संस्कृती आहे, सार्वजनिक वाचनालयंही आहेत. शाळेला यातून संगणक मिळाले, स्वच्छतागृहं मिळाली, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. गायनवर्गासाठी अर्ज भरायला घेतला की मात्र पंचाईत होते. अर्जात एक रकाना असतो: या वर्षात किती जणांना लाभ झाला? शेजारी दुसरा: खर्चाच्या मानानं दर लाभार्थी किती? गाणं शिकणाऱ्या मुलीचं पहिलं वर्ष स्वर स्थिर होण्यात जातं. दुसऱ्या वर्षी तिला आपण कुठे चुकतो ते कळू लागतं. या प्रगतीला रकाना नाही.

असा अर्ज भरताना मला भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होते. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ ची. महाभारताच्या देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना करून चिकित्सक आवृत्ती काढायचं काम तिनं १९१९ मध्ये हाती घेतलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपये द्यायचं आधीच कबूल केलं होतं. स्वतः चित्रकार असलेल्या या राजानं औंधला संग्रहालयही उभारलं. महाभारताच्या कामाचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ मध्ये वारले. भवानराव १९५१ मध्ये गेले. काम पुरं झालं १९६६ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं! दरवर्षी लाभार्थी मोजायचे ठरले असते तर दुसऱ्याच वर्षी ते बंद पडलं असतं. त्या काळात संस्थानं विलीन झाली, महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला आणि पंडित आपले पाठभेद ताडून पाहत राहिले. आज जगात कुठेही महाभारतावर गंभीर अभ्यास करायचा तर ती आवृत्ती समोर ठेवावी लागते.

शिक्षणाला आता सरकार पैसे देतंच, मग देणग्या कशाला, असंही विचारतात. सरकारनं द्यायलाच हवं आणि आजच्याहून जास्त द्यायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. संगीत शिक्षकाचं पद मंजूर व्हावं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं अर्ज करतो आहोत आणि करत राहू. देणगीचं काम मात्र वेगळं आहे. बहुसंख्यांना जे अजून पटलेलं नाही, ते देणगीवर सुरू होतं. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं तेव्हा विधवांच्या शिक्षणाला कुठल्या खात्याकडून अनुदान मिळणार होतं? नाना शंकरशेटांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली तेव्हा मुलींना शिकवावं की नाही, यावरच गाव फाटलेलं होतं. भाऊराव पाटील तर आमच्याच मुलखातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली, म्हणून अनेकांनी पाठ फिरवली. मुलांना जेवायला घालायला धान्य उरलं नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी मूठमूठ धान्य काढून ठेवलं. गावाला हळूहळू पटलं, सरकारला त्यानंतर. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या शिष्यवृत्तीतून पुढे काय उभं राहणार आहे, हे देताना कुणाला ठाऊक होतं? देणाऱ्याला फळ दिसत नाही, तरी तो देतो, आणि दुसरा कुणी द्यायला तयार नसतो तेव्हा देतो.

या कामात मला कुणाचा आधार वाटत असेल तर तो पार्वतीबाई आठवल्यांचा. कर्व्यांच्या या मेहुणी. बालपणी लग्न, तरुणपणी वैधव्य, मग हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात येऊन शिकल्या आणि त्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करायचं काम अंगावर घेतलं. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी निधी जमवत राहिल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र मी आमच्या वाचनालयात नव्यानं आणून ठेवलं आहे. पुढच्या गावाला जायच्या एसटीत बसले, पाय दुखत असले, कुणी पुढच्या महिन्यात या म्हणून दार लोटलेलं असलं, की त्यांची आठवण येते आणि पुढच्या दारी जाण्याचं बळ येतं.

पावतीबद्दलही लोक आता विचारतात. ज्यांनी नवी कररचना घेतली त्यांना देणगीवर करात वजावट मिळत नाही, म्हणून पावतीचा काय उपयोग, असं काहीजण म्हणतात आणि देणगी कमी करतात. मला त्यांचा राग येत नाही. पण याच काळात ज्यांनी तेवढीच रक्कम दिली, त्यांची नावं मी वेगळ्या वहीत लिहून ठेवली आहेत. त्यांत एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. त्यांनी कधी कर भरावा एवढं उत्पन्नच नव्हतं. दर दिवाळीला ते येतात, स्वतःच्या नातवंडांपैकी कुणी गाणं शिकत नसताना गायनवर्गाला पैसे देतात आणि वर्गाच्या दाराशी थोडा वेळ उभे राहून जातात.

गेल्या वर्षी आम्ही विश्वस्तांच्या सभेत एक ठराव केला. शिक्षक मानधन निधी नावाचा वेगळा निधी काढला आणि त्याच्या देणगीदारांना कुठेही फरशी मिळणार नाही, असं ठरावातच लिहिलं. त्याऐवजी दर सहा महिन्यांनी शिक्षकाच्या हातचं एक पानभर पत्र जाईल: कोणत्या मुली शिकताहेत, कोणता राग चालू आहे, कुणाचं कुठे अडलं आहे. काही विश्वस्तांना भीती होती की कुणी देणार नाही. एका बेदाणा व्यापाऱ्यांनी तबल्याच्या सरांचं पाच वर्षांचं मानधन द्यायचं कबूल केलं. हेच गृहस्थ पूर्वी मला दवाखान्याचं सांगायचे. पहिलं पत्र गेल्यावर त्यांचा फोन आला. सरांनी लिहिलं होतं की दोन मुलांचा झपताल अजून पक्का नाही, खाली चुकते. झपताल म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मला नीट सांगता येणार नाही, गुरुवारी संध्याकाळी वर्गावर या. ते आले, मुलांच्या मागे सतरंजीवर बसले, आणि सरांनी त्यांनाही हातावर टाळी-खाली धरायला लावली. गायनाच्या बाईंच्या मानधनासाठी अजून कुणी पुढे आलेलं नाही. त्यासाठी या आठवड्यात जयसिंगपूरला दोन घरी जायचं आहे.